डोक्यातला कारभारी

रात्रीच्या साक्षरता वर्गात पहिल्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येते. कुणी आजीबाई पाटी हातात घेतात, उलटीसुलटी करून पाहतात आणि म्हणतात, "बाई, आमचं वय झालं. आता कुठं आमच्या डोक्यात शिरायचं?" शेजारचे आजोबा मान हलवतात. म्हणतात, "साठी, बुद्धी नाठी. जुनी माणसं उगाच म्हणत नव्हती."

मंडळी, हा पाठ तुम्ही स्वतः वाचत आहात. म्हणजे तुमच्या डोक्यात काहीतरी शिरले आहेच. ते शिरले कुठे? ते टिकावे म्हणून काय करावे? आणि डोकेच आजारी पडले तर काय करावे? आज आपण हेच पाहू.

घर लहान, भूक मोठी

पूर्वी मोठ्या वाड्याचा कारभार एक माणूस पाहत असे. त्याला कारभारी म्हणत. दाणागोटा किती आला, गडी कुठे गेले, पाहुणा कोण आला, सगळे त्याला ठाऊक असे. आपल्या शरीराचाही असाच एक कारभारी आहे. तो कवटीत बसतो. त्याचे नाव मेंदू.

नारळाच्या करवंटीत खोबरे असते, तसा कवटीच्या आत मेंदू असतो. दिसायला तो अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला, पण हाताला खरवसासारखा मऊ. त्याला धक्का लागू नये म्हणून त्याच्याभोवती पाण्यासारखा द्रव असतो. मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन १३०० ते १४०० ग्रॅम भरते. म्हणजे दीड किलोलाही कमीच.

पण त्याची भूक पाहा. शरीराच्या वजनाचा तो जेमतेम पन्नासावा हिस्सा. तरी आपण स्वस्थ बसलो असताना शरीराला जी शक्ती लागते, तिचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. समजा, पन्नास माणसांची पंगत बसली आहे आणि त्यातला एकच गडी दहा जणांचे जेवतो आहे. असा हा कारभारी!

त्याचे मुख्य अन्न म्हणजे साखर. पण म्हणून चहात जास्त साखर घालू नका. भाकरी किंवा भात पोटात पचला की त्याचीच एक साधी साखर बनते आणि रक्तात उतरते. ती साखर आणि श्वासातला प्राणवायू रक्त मेंदूपर्यंत नेऊन पोचवते. मेंदूजवळ साठ्याचे कोठार नाही. रोजचे रोज नव्हे, क्षणाचे क्षणाला त्याला ताजे रक्त लागते. रक्त पोचणे बंद झाले तर दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. चार-पाच मिनिटे बंद राहिले तर मेंदूचे कायमचे नुकसान होऊ लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

कारभार चालतो कसा?

मेंदूत बारीक पेशी असतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक. त्यांची संख्या सुमारे ८६०० कोटी आहे. साऱ्या जगात माणसे आहेत सुमारे ८०० कोटी. म्हणजे जगातल्या माणसांच्या दसपट पेशी एकेका डोक्यात आहेत. शिकलेल्याच्या डोक्यातही तेवढ्याच आणि न शिकलेल्याच्याही तेवढ्याच.

या पेशी एकमेकींना निरोप देतात. एका पेशीतून निरोप विजेसारखा धावतो. दोन पेशींमध्ये किंचित फट असते. तिथे औषधाच्या थेंबासारखा एक रस सुटतो आणि निरोप पुढच्या पेशीला पोचतो. मेंदूपासून एक जाड दोरी पाठीच्या कण्यातून खाली जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. तिला फाटे फुटून मज्जातंतू नावाचे धागे साऱ्या अंगात पसरतात.

रानात चालताना अनवाणी पायात बाभळीचा काटा रुततो. तुम्ही काय करता? पाय झटकन वर घेता. कळ मात्र जराशी मागून कळते. असे का? पाय उचलण्याचा हुकूम पाठीच्या कण्यातली दोरीच देऊन टाकते. ती मेंदूला विचारत बसत नाही. आग लागली तर कोतवाल पाटलाची वाट पाहत बसत नाही, तसेच हे. खबर मागाहून वर जाते आणि मग आपण म्हणतो, "आई गं!"

कारभाऱ्याने कामे वाटून दिलेली आहेत. कपाळामागचा भाग विचार करतो, बेत आखतो, रागाला आवर घालतो. डोक्याच्या मागचा भाग डोळ्यांनी पाहिलेले ओळखतो. कानाजवळच्या भागाकडे ऐकण्याचे काम आहे. खाली मागच्या बाजूला लहान मेंदू आहे. तो तोल सांभाळतो. डोक्यावर दोन हंडे घेऊन बांधावरून चालणारी बाई त्याच्याच भरवशावर चालते. अगदी खाली देठासारखा एक भाग आहे. श्वास आणि हृदयाचे ठोके यांच्यावर त्याची देखरेख असते. आपण झोपलो तरी तो झोपत नाही.

आणखी एक गंमत आहे. मेंदूची डावी बाजू उजवा हातपाय चालवते आणि उजवी बाजू डावा. बोलण्याचे काम बहुतेकांच्या डाव्या बाजूकडे असते. हे कसे कळले? १८६१ साली पॅरिस शहरात ब्रोका नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक रोगी होता. त्याला दुसऱ्याचे बोलणे कळे, पण स्वतःला एकच अक्षर बोलता येई. तो वारल्यावर डॉक्टरांनी त्याचा मेंदू पाहिला. डाव्या बाजूला पुढे एक ठिकाण खराब झालेले होते. त्याची वाचा कुणाच्या शापाने गेलेली नव्हती. बोलण्याची जागाच दुखावली होती.

शिकतो म्हणजे काय होते?

रानातून रोज एकाच जागेवरून गेले की पायवाट पडते. पहिल्या दिवशी गवत तुडवावे लागते. महिन्याने पाय आपोआप त्या वाटेला लागतात. चार महिने कुणी फिरकले नाही तर तिथे पुन्हा गवत माजते.

मेंदूतही तसेच होते. नवे अक्षर पाहिले, त्याचा उच्चार केला, हाताने गिरवले, की काही पेशी एकमेकींना निरोप देतात. तोच निरोप पुन्हा पुन्हा गेला की त्यांची जोडणी पक्की होते. यालाच आपण शिकणे म्हणतो. आणि म्हणूनच मास्तर सांगतात, "रोज थोडं वाचा." एका दिवसात दहा पाने आणि मग महिनाभर काही नाही, असे केले तर पायवाट पडत नाही.

हे लहान मुलांना लवकर जमते, हे खरे. मोठ्या माणसाला जरा वेळ लागतो, हेही खरे. पण मोठ्यांना जमतच नाही, हे मात्र खरे नाही. त्याला पुरावा आहे.

उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांत शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्याची हकिकत २०१७ साली छापून आली. खेड्यातली मोठ्या वयाची माणसे घेतली. त्यांत बहुतेक बाया होत्या. अक्षरांशी त्यांची ओळख नव्हती. सहा महिने त्यांना वाचायला शिकवले. अक्षरे कोणती? तुम्ही आता वाचत आहात तीच, देवनागरी. शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर यंत्राने त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. सहा महिन्यांत मेंदूतल्या निरोपांची रीत बदललेली दिसली. हा बदल वरवरचाही नव्हता. पाहण्याच्या कामाशी जोडलेल्या खोल भागांपर्यंत तो पोचला होता.

म्हणजे पाटीवर तुम्ही अ, आ गिरवत होता, तेव्हा अक्षर पाटीवरच उमटत नव्हते. ते तुमच्या मेंदूतही उमटत होते.

लखनौ लांब राहिले. आपल्या नगर जिल्ह्यातले पाहू. या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. त्याच्या दक्षिणेला जामखेड तालुका आहे. दुष्काळाने गांजलेला हा मुलूख. १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे या नवराबायकोने तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावी डॉक्टर पुरणार कुठून? म्हणून त्यांनी गावातल्याच बायांना शिकवायचे ठरवले. त्यांतल्या कितीतरी बाया कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. काहींना गावात मान नव्हता. त्या संसारी होत्या, मुलाबाळांच्या होत्या. त्या जामखेडला येत, ऐकत, पाहत, एकमेकींना सांगून पाठ करत आणि गावी जाऊन तेच काम करत. बाळाचे वजन करणे, बाळंतपण स्वच्छ करणे, जुलाब झालेल्या मुलाला साखरमिठाचे पाणी देणे, रक्तदाब मोजणे, हे सारे त्या शिकल्या. त्यांच्या गावांत दगावणाऱ्या बाळांची संख्या पुष्कळ घटली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही कामगिरी पाहायला पुढे देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला आले.

या बायांच्या डोक्यात शिरले की नाही?

आणि खरे सांगायचे तर आपल्या लोकांची स्मरणशक्ती काही कमी नाही. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे आपण मानतो, तिथे आजही वारकरी जातात. त्यांत असे म्हातारे असतात की ज्यांना सही येत नाही, पण शेकडो अभंग तोंडपाठ असतात. हे अभंग कुठे ठेवलेले असतात? त्याच ८६०० कोटी पेशींच्या घरात. ज्या घरात एवढे मावले, तिथे बावन्न अक्षरांना जागा नसेल काय?

कारभाऱ्याची निगा

बैलाला वेळेवर वैरण, पाणी आणि विसावा लागतो. मेंदूचेही तसेच आहे. त्याची निगा महाग नाही.

पहिली गोष्ट अन्नाची. मेंदूची बांधणी आईच्या पोटातच सुरू होते आणि पहिल्या दोन वर्षांत ती फार वेगाने होते. म्हणून गरोदर बाईला पोटभर आणि चौरस जेवण मिळाले पाहिजे. घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाण्याची रीत तिने आणि घरानेही सोडावी. बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, दूध, शेंगदाणे, जमेल त्यांनी अंडी. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या तिने घ्याव्यात. मीठ आयोडीनचे घ्यावे. आईला आयोडीन कमी पडले तर बाळाच्या बुद्धीची वाढ खुंटते. पुडीवर 'आयोडीनयुक्त' असे लिहिलेले असते. आता तुम्हाला ते वाचता येते. वाचूनच पुडी घ्या.

दुसरी गोष्ट झोपेची. आपण झोपतो तेव्हा कारभारी दिवसभराचा हिशोब लावतो. शिकलेले पक्के करतो. मेंदूतला केरकचराही झोपेत जास्त साफ होतो. मोठ्या माणसाला सात-आठ तास झोप हवी. साखर कारखान्याच्या हंगामात ऊस वाहणारे गडी रात्र रात्र जागतात. झोप पुरी नसताना ट्रॅक्टर किंवा मोटार चालवू नये. क्षणभर डोळा लागला तरी घात होतो.

तिसरी गोष्ट रक्तदाबाची. रक्तदाब म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीवर रक्ताचा पडणारा जोर. मोटारीचा जोर वाढला की जुना पाइप फुटतो, हे तुम्ही शेतात पाहिले आहे. मेंदूतल्या बारीक वाहिन्यांचेही तसेच. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तरी तो मोजून घ्यावा. उपकेंद्रात तो फुकट मोजतात. मीठ, पापड, लोणचे बेताने खावे. तंबाखू, मिश्री, विडी सोडावी. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली असेल तर "आता बरं वाटतंय" म्हणून ती मनाने बंद करू नये. मधुमेह असेल तर तोही ताब्यात ठेवावा.

चौथी गोष्ट दारूची. दारू आधी मेंदूच्या पुढच्या भागाला गुंगवते. म्हणून प्यालेल्या माणसाचा आवर सुटतो. मग लहान मेंदू गुंगतो आणि पाय लटपटतात. रोज पिणाऱ्याच्या मेंदूची हळूहळू झीज होते. हातभट्टीच्या दारूत विषारी स्पिरिट मिसळलेले असले तर माणूस आंधळा होतो किंवा मरतो. नगर तालुक्यातल्या पांगरमल गावात फेब्रुवारी २०१७ मध्ये विषारी दारूने माणसे गेली, घरे उघडी पडली. याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. तिथल्या गावकऱ्यांनी १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्याबरोबर उभे राहून गावातल्या भट्ट्या बंद केल्या. जे एका गावाला जमले, ते दुसऱ्या गावाला का जमू नये?

पाचवी गोष्ट डोके सांभाळण्याची. खरवस दगडावर आपटला तर काय होईल? मोटारसायकलवर बसताना हेल्मेट घाला. मागे बसणाऱ्यानेही घालावे.

सहावी गोष्ट कामाची आणि सोबतीची. कारभाऱ्याला रिकामे बसवू नये. नगरच्या किल्ल्याची गोष्ट पाहा. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारने जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद अशा पुढाऱ्यांना तिथे कोंडले. सुमारे तीन वर्षे बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. ही माणसे वाचत, लिहीत, चर्चा करत. नेहरूंनी तिथे बागही केली आणि १९४४ साली भारताच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला. तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. अंगणात फुले आणि हातात लेखणी, एवढ्यावर त्यांनी मन शाबूत ठेवले.

म्हाताऱ्या माणसांशी घरात कुणी बोलत नसेल तर त्यांचा मेंदूही मंदावतो. कानाने कमी ऐकू येऊ लागले की माणूस चारचौघांत बसणे सोडतो. म्हणून कान आणि डोळे वेळीच तपासा. भजनात बसा. रोज चाला. नातवंडांना गोष्टी सांगा. वाचता येते, तर पारावर चारजणांना वर्तमानपत्र वाचून दाखवा.

कारभारी आजारी पडला तर

आता पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आला. हा दोनदा वाचा.

समजा, सकाळची वेळ आहे. नाना गोठ्यात धार काढत आहेत. एकाएकी चरवी हातातून निसटते. उजवा हात उचलत नाही. तोंड एका बाजूला वाकडे झाले आहे. काही विचारले तर जीभ अडखळते. घरात एकच गलका होतो. कुणी म्हणतो, "अंगावरून वारं गेलं." कुणी म्हणतो, "करणी केली कुणीतरी." एकजण देवऋषाला आणायला धावतो. दुसरा म्हणतो, "कबुतराचं रक्त चोळा." तिसरा म्हणतो, "जरा पडू द्या, दुपारपर्यंत बघू."

मंडळी, अंगावरून वारे गेलेले नसते. मेंदूत जाणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने तुंबलेली असते किंवा फुटलेली असते. याला लकवा किंवा पक्षाघात म्हणतात. उजवा हात आणि बोलणे दोन्ही गेले, म्हणजे मेंदूची डावी बाजू उपाशी आहे. मघाशी आपण काय पाहिले? मेंदूजवळ कोठार नाही. दर मिनिटाला लाखो पेशी मरत असतात.

गुठळी असेल तर ती विरघळवण्याचे औषध आहे. पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आणि ते देण्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन काढावा लागतो. हा एक प्रकारचा फोटो आहे. वाहिनी फुटलेली असेल तर ते औषध चालत नाही, म्हणून फोटो आधी. आता हिशोब करा. जामखेडहून नगर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. अकोल्याच्या डोंगरातल्या वाड्यांना तर त्याहून उशीर लागतो. देवऋषी येईपर्यंत दोन तास गेले, तर नानांचा हात आणि नानांची वाचा त्या दोन तासांतच गेली.

म्हणून तीन गोष्टी पाहा. हसायला सांगा, तोंड वाकडे होते का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक हात खाली पडतो का? नाव विचारा, जीभ अडखळते का? तिन्हींतली एक जरी दिसली, तरी तेव्हाच १०८ या क्रमांकावर फोन करा. त्रास किती वाजता सुरू झाला ते सांगा. सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच न्या. तोंडात पाणी, चहा, औषध काही घालू नका. ते श्वासनळीत जाऊ शकते.

दुसरा आजार फेफऱ्याचा. मेंदूतली वीज एकदम विसकटली की माणूस पडतो, झटके येतात, तोंडाला फेस येतो. लोक त्याच्या नाकाला चप्पल किंवा कांदा लावतात. त्याचा काही उपयोग नाही. त्याला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा. जवळचे दगड, विळा, चूल दूर करा. दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. झटके बहुधा एक-दोन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटांवर चालले किंवा लागोपाठ आले, तर लगेच दवाखाना गाठा. हा आजार शिवल्याने होत नाही. नियमाने गोळ्या घेतल्या तर बहुतेकांचे झटके थांबतात. ते शाळा शिकतात, लग्न करतात, संसार करतात. एका जंताची अंडी घाण हातांनी किंवा न धुतलेल्या भाजीबरोबर पोटात गेली, तर तो जंत मेंदूत घर करतो आणि त्यानेही फेफरे येते. म्हणून संडास वापरा, हात धुवा, कच्ची भाजी धुऊन खा.

कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. पिसाळलेल्या कुत्र्याचे विष मज्जातंतूंतून मेंदूकडे चढते. ते मेंदूत पोचल्यावर माणूस वाचत नाही. पोचण्याआधी लस घेतली तर वाचतो.

तिसरा आजार मनाचा. मनही मेंदूच्याच घरात राहते. कुणाला महिनोन्महिने उदास वाटते, झोप येत नाही, जीव नकोसा होतो. कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात. कुणी विनाकारण संशय घेतो. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. मग अंगारे, धुपारे, उपास आणि मार. पोट बिघडले तर आपण पोटाला मारतो का? भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला मारणे किंवा साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

नगरजवळ शिंगवे येथे डॉक्टर राजेंद्र धामणे आणि डॉक्टर सुचेता धामणे यांनी रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्ण बायांसाठी घर उभे केले. लोक ज्यांना वेडी म्हणून दगड मारत, त्यांना तिथे आंघोळ, जेवण, औषध आणि माया मिळाली. उपचारानंतर कितीतरी जणी सावरल्या. त्या कुणाच्या तरी लेकी होत्या, कुणाच्या तरी आया होत्या. वेळीच औषध मिळाले असते तर त्या रस्त्यावर आल्याच नसत्या.

शेतकरी दादांनो, पाऊस हुलकावणी देतो, कर्ज वाढते, रात्री झोप लागत नाही. अशा वेळी गप्प बसू नका. बायकोशी बोला, मित्राशी बोला. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडचे माणूस मराठीत बोलते. आणि घरात कुणी "मी आता राहत नाही" असे बोलू लागले, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका. घरातले कीटकनाशक कुलपात ठेवा.

राहिली साठी

आता आपल्या आजोबांच्या म्हणीकडे वळू. साठी आली की बुद्धी नाठी होतेच का? नाही. नाव पटकन न आठवणे, चष्मा कुठे ठेवला ते विसरणे, हे वयाने थोडेफार होते. पण रोजची घरची वाट चुकणे, पोटच्या मुलाला न ओळखणे, जेवलो की नाही हेच न कळणे, हे वय नव्हे, हा आजार आहे. त्याला डॉक्टर दाखवावा. काही वेळा शरीरात एखादे जीवनसत्त्व कमी झालेले असते आणि ते भरून काढले की माणूस सुधारतो. काही वेळा आजार बरा होत नाही. तेव्हा त्या माणसाला रागावू नये. तो हट्टाने तसे करत नसतो. त्याचा कारभारी थकलेला असतो.

आता एक काम करा. आज घरी गेल्यावर खडू घ्या. दाराच्या मागे दोन आकडे मोठ्या अक्षरांत लिहा. पहिला १०८. त्याच्यापुढे लिहा, 'तोंड, हात, बोलणे'. दुसरा १४४१६. त्याच्यापुढे लिहा, 'मन'. मग घरातल्यांना जवळ बसवा आणि नानांची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. आजीबाई, हे काम तुम्हीच करा. वेळ आली तर ते आकडे वाचणारे माणूस त्या घरात तुम्हीच असाल.